हॉलमध्ये, मंडपात, ट्यूबखाली: व्हिडिओत सरकणारे पट्टे पुन्हा पुन्हा का येतात आणि ते कसे घालवायचे

गणपती जवळ आले की हा प्रश्न येतो. लग्नसराईत पुन्हा येतो. मधल्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली रील काढणारं कुणीतरी तोच विचारतं: "दादा, व्हिडिओत काळपट पट्टे वरून खाली सरकतायत. शूट करताना डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. कॅमेरा गेला का? एडिटिंगमध्ये जाईल ना?"

कॅमेरा ठणठणीत आहे. एडिटिंगमध्ये थोडंफार जाईल, पण घाम गाळावा लागेल. ते पुढे सांगतो. त्याच माणसांना दरवर्षी तोच त्रास होतो, त्यामागचं कारण साधं आहे. बहुतेकांनी व्हिडिओग्राफी यूट्यूबवर अमेरिकन मास्तरांकडून शिकलेली असते. मास्तर सांगतात, ३० फ्रेमवर शूट करताय ना, मग शटर १/६० ठेवा (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, आणि प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात टिपायचं). त्यांच्या घरी ते अगदी बरोबर, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची. आपली ५० हर्ट्झची. मुंबईत विजेच्या दिव्याखाली शटर १/५० नाहीतर १/१००, तिसरा आकडा नाही, एवढं पाळलंत तर पुढचं अर्धं वाचायची गरजही पडणार नाही.

मुळात होतं काय

५० हर्ट्झ म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा या दिशेला आणि ५० वेळा त्या दिशेला. दिव्याला दिशेशी देणंघेणं नसतं. प्रवाह कुठल्याही बाजूने वाढला की तो उजळतो आणि शून्याजवळ आला की मंदावतो. त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये हे फारसं जाणवत नसे, कारण त्याची तापलेली तार एवढ्या कमी वेळात गार होत नाही. एलईडीला तशी सवलत नाही. वीज कमी झाली की त्याच क्षणी प्रकाश कमी. चांगल्या एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये हा चढउतार सपाट करणारा कपॅसिटर असतो. स्वस्तातल्या बल्बमध्ये तो नावापुरता असतो, किंवा नसतोच.

डोळ्याला सेकंदाला १०० वेळचा चढउतार सुटा दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो, आणि तोही तुकड्यातुकड्याने. मोबाइल असो की मिररलेस, बहुतेक सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाहीत. वरची ओळ आधी, मग खालची, मग त्याखालची असं वाचत जातात. म्हणजे वरच्या ओळीच्या वाट्याला दिव्याचा उजेडाचा क्षण आला असेल तर मधल्या ओळीच्या वाट्याला मंद क्षण येऊ शकतो. हाच तो पट्टा, आणि या सगळ्या प्रकाराला म्हणतात फ्लिकर.

आता शटर १/१०० ठेवलं तर प्रत्येक ओळीला दिव्याचा बरोबर एक पूर्ण चढउतार मिळतो. १/५० ठेवलं तर दोन. कुठूनही मोजायला सुरुवात करा, बेरीज तीच. म्हणून पट्टा नाही. १/६० ठेवलं की एक पूर्ण आणि वर दोन तृतीयांश चढउतार मिळतो, आणि हा अर्धवट तुकडा प्रत्येक ओळीला वेगळा पडतो. गणित केलं तर १/६० वर दिव्याच्या मूळ चढउताराचा साधारण सहावा हिस्सा चित्रात शिल्लक राहतो, आणि १/१००० वर जवळजवळ सगळाच. २४ फ्रेमवाल्यांच्या लाडक्या १/४८ वर जेमतेम चार टक्के उरतो. त्यामुळे १/४८ वाल्यांचं बहुधा निभावून जातं आणि त्यांना वाटतं, ही भानगड दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यात असते.

पट्टे सरकतात ते कशामुळे? फ्रेम रेटमुळे. कुर्ल्याच्या पुढे शेजारच्या ट्रॅकवर दुसरी लोकल जवळपास आपल्याच वेगाने धावत असते, तेव्हा ती हळूहळू पुढे किंवा मागे घसरतेय असं वाटतं, तसंच हे. २५ फ्रेमवर दिव्याचे बरोबर चार चढउतार एका फ्रेमच्या वेळात बसतात, त्यामुळे पट्टे असले तरी जागच्या जागी उभे राहतात. ३० वर तीन आणि एक तृतीयांश बसतात, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये पट्टा उडी मारतो आणि तीन फ्रेमनंतर मूळ जागी येतो. यातला 'तीन फ्रेम' हा आकडा लक्षात ठेवा, एडिटिंगमध्ये तोच कामाला येतो.

एक गैरसमज इथेच मोडून काढतो. "३० फ्रेमवर शूट केलं म्हणून फ्लिकर आला" हे खरं नाही. ३० फ्रेम आणि शटर १/५० ही जोडी आपल्याकडे बिनधास्त चालते. दोष शटरचा असतो, फ्रेम रेटचा नाही. शटर कोनात मोजणाऱ्यांसाठी: २५ फ्रेमवर १८० अंश, २४ वर १७२.८ आणि ३० वर २१६. तिन्हींचा अर्थ १/५०.

विजेची कंपनी बदलल्याने काही फरक पडत नाही. शहरात बेस्ट असो, उपनगरात अदानी किंवा टाटा असो, की भांडुप-मुलुंडकडे महावितरण, ग्रिड एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं, तेव्हापासून अख्खा देश एकाच ठोक्यावर चालतो. हा ठोका अगदी घड्याळासारखा ५० वर नसतो, किंचित वर-खाली होत राहतो. २५ फ्रेमवरचे जागीच थांबलेले पट्टेही कधीकधी संथपणे रांगताना दिसतात ते त्यामुळे.

आधी ओळख पटवा

'फ्लिकर' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या क्लिपांमधल्या बऱ्याच फ्लिकरच्या नसतात. पूर्ण चित्र सावकाश उजळतं आणि मंदावतं, विशेषतः पांढरी साडी किंवा काळा कोट फ्रेममध्ये आला-गेला की, तर ते ऑटो एक्सपोजर आहे. रंग पिवळ्यावरून निळ्याकडे ढळतो, ते ऑटो व्हाइट बॅलन्स. आकाशात किंवा हॉलच्या एकरंगी भिंतीवर न हलणाऱ्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, तो ८ बिट फुटेजचा प्रश्न. तिथे प्रत्येक रंगाला २५६ च पातळ्या मिळतात आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड सुधारताना, ताणल्या की उघड्या पडतात. ३० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकल्याने येणारे झटकेही लोक फ्लिकरच्या खात्यात टाकतात. या चारही गोष्टींची औषधं वेगळी आहेत.

खरा फ्लिकर ओळखायचा तर व्हिडिओ थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे जा. पट्टे सेन्सरच्या लांब बाजूला समांतर असतात. फोन आडवा धरला असेल तर पट्टे आडवे, रीलसाठी उभा धरला असेल तर उभे. उभे पट्टे पाहून "माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे" म्हणणारे बरेच भेटतात. वेगळा नाही, फोन वळवलेला आहे, बस्स.

मग पट्टे मोजा. सेन्सरला वरून खाली वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील तर १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याचे दोन पट्टे दिसतील, १० मिलिसेकंद लागत असतील तर एक. आपल्या कॅमेऱ्यात घरच्या ट्यूबखाली १/१००० वर किती दिसतात हे एकदा पाहून ठेवा. पुढे एखाद्या हॉलमध्ये त्याच्या निम्मे दिसले तर दिवा १०० नाही, ५० वेळा लुकलुकतोय. वीस-पंचवीस बारीक रेघा दिसल्या तर मेन्सचा, म्हणजे येणाऱ्या विजेच्या ठोक्याचा, प्रश्नच नाही, डिमर किंवा रंगीत पट्टीचा कंट्रोलर दिवा झपाझप चालू-बंद करतोय.

हॉलवर पोचल्या पोचल्या करायची चाचणी: फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा आणि प्रत्येक प्रकारच्या दिव्याकडे धरून पाच सेकंद रेकॉर्ड करा. जो दिवा धडधडताना दिसेल त्याच्यापासून सावध. फोनची बॅटरी वाचवायची असेल तर हातातलं पेन दिव्याखाली जोरात हलवा. पेनचा सलग पंखा दिसला तर दिवा चांगला, सुट्या सुट्या काड्या दिसल्या तर वाईट.

आता आला, आता गेला

सगळ्यांना छळणारी गोष्ट ही, की फ्लिकर पूर्ण व्हिडिओभर नसतो. मंडपातली आरती घ्या. फोनवर ऑटोमध्ये शूट सुरू आहे. प्रेक्षक अंधारात आहेत, तिथे फोन शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवतो, सगळं छान. मग तुम्ही पॅन करत मूर्तीवर येता. मूर्तीवर दोन-चार एलईडी फोकस मारलेले असतात, मुकुट लखलखतो, फोन म्हणतो प्रकाश जास्त झाला आणि शटर १/२०० च्या पुढे नेतो. नेमका मुखड्यावर पट्टा फिरायला लागतो. परत प्रेक्षकांकडे गेलात की पट्टा गायब. फोन लुकलुकणं ओळखून शटर सांभाळायचा प्रयत्न करतो, पण प्रकाश फार झाला की त्याचा नाइलाज होतो. फोनच्या भिंगाचं छिद्र बहुधा बदलता येत नाही, मग शटरशिवाय त्याच्या हातात उरतं काय?

उपाय: शटर लॉक करा, आणि जास्तीचा प्रकाश आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमी करून किंवा एनडी फिल्टर (भिंगावरची, उजेड कमी करणारी काळपट काच) लावून कमी करा. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर हाताने ठेवता येत नाही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइडवर चालतं, त्यात शटर १/५० वर अडकवता येतं. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलांमध्ये प्रो व्हिडिओ मोड आहेच. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे 'शो पाल फॉरमॅट्स' नावाचा खटका आहे. तो चालू केला की २५ फ्रेमचा पर्याय दिसायला लागतो. एवढ्याने शटर लॉक होत नाही, पण निदान जे पट्टे येतील ते पळत तरी नाहीत.

गोप्रोमध्ये 'अँटी-फ्लिकर' म्हणून ५० आणि ६० चा पर्याय असतो. तो ५० वर हवा. सोनीच्या मेन्यूत पाल आणि एनटीएससी निवडायला मिळतं. आपल्याकडची बॉडी एनटीएससीवर टाकली की चालू करताना 'रनिंग ऑन एनटीएससी' असं ती स्वतःच बजावते, आणि तरी लोक ६० फ्रेमच्या मोहाने तशीच ठेवतात. ठेवा, पण शटरला हात घाला. कॅननमध्ये 'अँटी-फ्लिकर शूटिंग' नावाचं जे आहे ते फोटोसाठी आहे, त्याच्यावर व्हिडिओत विसंबू नका.

पाल आणि एनटीएससी ही जुन्या टीव्हीची नावं. टीव्हीचा फ्रेम रेट त्या त्या भागातल्या विजेच्या ठोक्याला धरून ठरवलेला, म्हणून ५० हर्ट्झवाल्यांकडे २५ आणि ६० वाल्यांकडे ३०. दूरदर्शनने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केलं तेही पालमध्ये. टीव्ही गेला तरी मेन्यू तसाच राहिला. जपानी कॅमेरे बनवणाऱ्यांना या घोळाची चांगली कल्पना असणार, कारण तोक्योला ५० हर्ट्झ आणि ओसाकाला ६० हर्ट्झ अशी त्यांच्या घरातच फाळणी आहे.

स्लो मोशन: इथे गंमत संपते

हळदीत पाणी उडवतानाचा, वरातीत फेटा फिरवतानाचा स्लो मोशन प्रत्येक पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, हवा असतो. १२० फ्रेमवर शूट करताना एका फ्रेमला जास्तीत जास्त १/१२० सेकंद मिळतो. दिव्याच्या एका चढउताराला लागतो १/१०० सेकंद. फ्रेमच चढउतारापेक्षा लहान आहे, त्यामुळे शटर कितीही फिरवलं तरी १०० हर्ट्झच्या लुकलुकीतून सुटका नाही. वर स्लो केल्यावर ती लुकलुकही स्लो होते आणि जास्तच ठळक दिसते.

पर्याय आहे, आणि तो बऱ्याच कॅमेऱ्यांत नुसता पडून असतो: पाल मोड घ्या, म्हणजे १२० च्या जागी १०० फ्रेम मिळतात. १०० फ्रेम आणि शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर एक पूर्ण चढउतार. २५ च्या टाइमलाइनवर चौपट संथ, स्वच्छ. हालचाल जरा ओघळलेली दिसते, कारण शटर पूर्ण उघडं असतं, पण पट्ट्यांपेक्षा ती शंभर पटीने बरी. कॅमेऱ्यात १०० नसेल तर ५० फ्रेम, शटर १/१००, आणि दुप्पट संथावर समाधान माना. ६० वर अडून बसायचं असेल तर तिथेही १/१०० च. १/१२५ ला हात लावू नका. २४० फ्रेमचा हट्ट असेल तर हळद दिवसा उजेडी गच्चीवर घ्यायला सांगा. सूर्य लुकलुकत नाही.

१/५० ठेवूनही गेला नाही?

आधी खात्री करा की शटर खरंच १/५० वर होतं. ॲपर्चर प्रायोरिटीवर, म्हणजे शटर कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, ठेवून "मी १/५० ठेवलं होतं" म्हणणारे कमी नाहीत.

१/१०० वर पट्टा येतो आणि १/५० वर जातो, असं झालं तर दिवा ५० वेळा लुकलुकतोय. रोषणाईच्या अगदी स्वस्त माळांमध्ये हे सापडतं. विजेच्या दोन दिशांपैकी एकाच दिशेला माळ पेटते, दुसऱ्या दिशेला विझलेली राहते, तेवढाच खर्च वाचतो. लोहार चाळीतून किलोच्या भावात आणल्यासारख्या माळा जिथे लावलेल्या असतात तिथे १/१०० वर भरवसा ठेवू नका. मी तर मंडपात आणि घराच्या सजावटीत १/५० सोडतच नाही. डिमर आणि रंगीत पट्ट्यांच्या झपाझप लुकलुकीलाही संथ शटर जास्त पचवतं, कारण एका फ्रेममध्ये तिचे बरेच ठोके मावतात आणि एखादा अर्धवट राहिला तरी फरक पडत नाही.

जनरेटरवरची लायटिंग हा वेगळा नमुना. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर, नाहीतर मैदानातल्या लग्नात डिझेल जनरेटर असतो. लोड कमी असताना त्याचा ठोका ५२ च्या आसपास जाऊ शकतो. सगळे दिवे आणि डीजे चालू झाल्यावर खाली येतो. अशा वेळी १/५० वरही अगदी पुसट पट्टा दिसतो. सोनीमध्ये 'व्हेरिएबल शटर', जुन्या प्रोफेशनल कॅमेऱ्यांत 'क्लिअर स्कॅन' असं काही असेल तर शटर दशांशाने पुढेमागे करत, मॉनिटरवर पाहत पट्टा घालवता येतो. नसेल तर सोडून द्या. मिरवणुकीच्या गोंधळात तेवढा पुसट पट्टा कुणाच्या बापाला दिसत नाही.

शूट होऊन गेलंय, आता काय

पहिला नियम: पट्टे काढायचे ते ग्रेडिंगच्या आधी. काँट्रास्ट वाढवला की पट्टाही वाढतो. दुसरा: स्टॅबिलायझरच्याही (हलणारं चित्र स्थिर करणाऱ्या इफेक्टच्याही) आधी. पट्टे सेन्सरच्या ओळींना चिकटलेले असतात. स्टॅबिलायझरने फ्रेम हलवली की पट्टेही वेडेवाकडे हलतात आणि मग कुठल्याच सॉफ्टवेअरला त्यांचा माग लागत नाही.

दाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत 'डीफ्लिकर' नावाचा इफेक्ट आहे. त्यात 'फ्लुओरो लाइट' हा पर्याय निवडा. 'टाइमलॅप्स' वाला वेगळ्या कामाचा. सौम्य पट्टे तो छान पुसतो. नीट व्हिडिओ प्लगइनमध्येही फ्लिकरची सोय आहे, आणि डिजिटल अनार्कीचं 'फ्लिकर फ्री' प्रीमिअरवाले वापरतात.

फुकटात करायचं असेल तर तो 'तीन फ्रेम'चा आकडा आता कामाला येईल. क्लिप ३० फ्रेमची असेल तर पट्टा तीन फ्रेमनी मूळ जागी येतो. म्हणजे सलग तीन फ्रेमची सरासरी काढली की पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात. टाइमलाइन क्लिपच्याच फ्रेम रेटची बनवा. एका ट्रॅकवर मूळ क्लिप ठेवा. तिची प्रत दुसऱ्या ट्रॅकवर, एक फ्रेम पुढे सरकवून, ओपॅसिटी ५०. तिसरी प्रत तिसऱ्या ट्रॅकवर, दोन फ्रेम पुढे, ओपॅसिटी ३३. लोक इथे तिन्हींना ३३ देतात आणि चित्र काळवंडलं म्हणून हात टेकतात; खालची १००, मधली ५०, वरची ३३ असंच हवं, मगच तिघींचा वाटा सारखा होतो. आवाज मधल्या प्रतीचा ठेवा, बाकीचे काढा. मग तिन्हींची कंपाउंड क्लिप (तिन्ही मिळून एकच क्लिप) करून पुढचं ग्रेडिंग तिच्यावर.

याची किंमत काय, तर हलणारी वस्तू तिहेरी दिसते. व्यासपीठावरची भाषणं, नाटकाचा लांबचा शॉट, ट्रायपॉडवरून घेतलेली सत्यनारायणाची पूजा, इथे हे इतकं बेमालूम बसतं की विश्वास बसत नाही. आरतीच्या टाळ्यांवर किंवा लेझीमवर मात्र भुतं नाचतात. तिथे हलणाऱ्या भागाभोवती मास्क काढून फक्त मागच्या भिंतीला ही सरासरी द्या. पट्टा भिंतीवरच जास्त खुपतो, घोळक्यातल्या माणसांवर तो हरवून जातो.

६० फ्रेमच्या क्लिपलाही हीच तीन फ्रेमची युक्ती चालते, आणि भुतं निम्म्यावर येतात. २४ ला पट्ट्याचं चक्र सहा फ्रेमचं. तिथे एकच प्रत तीन फ्रेम सरकवून ५० टक्के द्यायची, पण त्यात अंतर इतकं पडतं की न हलणाऱ्या शॉटशिवाय नाद करू नका. २५ आणि ५० ला या सरासरीचा काडीचा उपयोग नाही, कारण पट्टा प्रत्येक फ्रेममध्ये तिथेच असतो. तिथे पट्ट्याएवढी मऊ कडांची विंडो काढून ती उजळणं, आणि पट्टा रांगत असेल तर दोन-तीन कीफ्रेम देणं, हा हमालीचा मार्ग उरतो.

फोनच्या क्लिपला एक खोड असते: फ्रेम रेट कधी २९.८, कधी ३०.१ असा डुगडुगतो. अशी क्लिप आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेम रेटची करून घ्या. नाहीतर तीन फ्रेमचं गणित मधेच चुकतं आणि पट्टे एकदम डोकं वर काढतात.

पट्टा काळा नाही, रंगीत आहे

जुन्या हॉलमध्ये, शाळांमध्ये अजून चोकवाल्या ट्यूबा आहेत. तिथे पट्टे काळपट नसून एक निळसर, एक पिवळसर किंवा हिरवट दिसतात. ट्यूबच्या आतल्या पावडरीत वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश देणारे घटक असतात आणि ते सारख्या वेगाने विझत नाहीत. काही लगेच विझतात, काही मागे रेंगाळतात. त्यामुळे दर चढउतारात उजेडाबरोबर रंगही बदलतो. अशा क्लिपला नुसता ब्राइटनेस सारखा करून भागत नाही. पट्टे गेले वाटतात आणि नवरीच्या गालावरून हिरवी सावली फिरत राहते. वरची सरासरीची युक्ती लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेलना एकत्रच लागू होते, म्हणून इथे ती सर्वांत खात्रीची. सरासरी शक्य नसेल तर त्या शॉटचं सॅच्युरेशन, विशेषतः हिरव्याचं, उतरवा. अगदीच हाताबाहेर गेला तर कृष्णधवल करून 'आठवणी'च्या गाण्यावर बसवा; पार्टी खूश होते, अनुभव आहे.

इंडिकेटर आणि एलईडी वॉल

दादरला प्लॅटफॉर्मवर व्लॉग करताना इंडिकेटरवरची अक्षरं अर्धीच येतात, किंवा येणाऱ्या गाडीच्या कपाळावरचं नाव फुटतं, हे फ्लिकरचंच भावंड आहे. त्या पाटीतले सगळे एलईडी एका वेळी पेटत नाहीत. ओळीओळीने, फार वेगात पेटतात. दिवसाउजेडी कॅमेरा १/२००० वर असतो, त्याला एका फ्रेममध्ये काहीच ओळी सापडतात. एनडी फिल्टर लावून शटर १/५० ला आणलं की पूर्ण नाव येतं. बोरा बाजारात फोनला क्लिपने लागणारे एनडीही मिळतात.

हॉलमधली एलईडी वॉल मात्र खरी डोकेदुखी, कारण तिथे १/५० चा नियमही कधी कधी तोंडावर आपटतो. वॉलला चित्र देणारा लॅपटॉप बहुधा ६० हर्ट्झवर असतो आणि वॉल त्याच ठोक्यावर चालते. हॉलचे दिवे १०० वर. दोन्हींना पूर्ण चढउतार देणारा सर्वांत लहान शटर १/२० निघतो, आणि २५ फ्रेमवर १/२५ च्या खाली जाता येत नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने हा गुंता सुटत नाही, वॉलच्या बाजूने सोडवावा लागतो. ऑपरेटरला गाठा आणि लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करायला सांगा. वॉलच्या प्रोसेसरने तो स्वीकारला तर १/५० वर वॉल आणि दिवे दोन्ही शांत होतात. वॉलचा स्वतःचा रिफ्रेश रेट वाढवता येत असेल, १९२० चा ३८४० वगैरे, तर तोही वाढवून घ्या. वॉल डोळ्यात खुपते म्हणून ब्राइटनेस अगदी खाली आणला असेल तर थोडा वर न्यायला सांगा, कारण तो कमी करताना वॉल लुकलुकीतला अंधाराचाच वेळ वाढवत असते. आणि मागच्या वॉलवर जाळी उमटत असेल तर फोकस जोडप्यावर पक्का ठेवून वॉल किंचित अस्पष्ट होऊ द्या, जाळी विरघळते.

हे सगळं पाहुणे यायच्या आत उरका. रिफ्रेश रेट बदलला की वॉल काही सेकंद काळी पडते, आणि नवरा-नवरीचं प्री-वेडिंग सुरू असताना वॉल काळी पडली तर मुलीचा मामा सगळ्यात आधी कॅमेरावाल्याकडेच येतो.